टोमॅटो हलवले त्या वर्षी

ग्रिसेल्डाच्या तळघरात उतरताना शेवटून दुसऱ्या पायरीवर डेल्फीनला तिच्या वडिलांचा वास आला. ती थबकली. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात ग्रिसेल्डाच्या मुलीसाठी आणलेली बिस्किटांची पुडी. वडील जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती, आणि हे घर काही त्यांचं नव्हतं; शेजारचं, पूर्वी गोर्निकांचं, आता ओचोआंचं. वास मात्र त्यांचाच होता. गोडसर, थंड, नाकात शिरला की भुवयांच्या मागे जाऊन बसणारा. लहानपणी शनिवारी दुपारी ते, तिचे ताता, दुकान बंद करून वर यायचे, तिला उचलायचे, आणि ती त्यांच्या मानेत तोंड खुपसायची तेव्हा कॉलरमधून यायचा तोच. साबण, तंबाखू, चुलीवरची आंबवलेली कोबी हे सगळे वास त्याला नंतर येऊन मिळायचे, पण मूळचा हाच. कित्येक वर्षांत तिला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती. कपडे धुण्याचं यंत्र आणि मुलीचा गुलाबी पलंग यांच्या मधोमध ताता उभे असावेत असं तिला वाटलं, आणि पहिल्या क्षणी तिला चक्क आनंद झाला. त्या आनंदाची तिला पुढे फार शरम वाटली. कारण खाली राज्याच्या पर्यावरण खात्याचा माणूस हवेचा नमुना घ्यायचा डबा काखेत धरून ग्रिसेल्डाला सांगत होता, की मुलीचा पलंग आजच्या आज वर हलवा.

"वास येतोय," डेल्फीन म्हणाली.

"शक्य नाही, मॅडम," तो माणूस म्हणाला. "इथं आहे ते इतकं थोडं आहे की नाकाला कळत नाही. यंत्रालाच कळतं."

"मला येतोय ना पण."

तो डब्याचं झाकण लावू लागला. म्हाताऱ्या बायकांशी वाद घालायचा नाही हे त्याला नोकरीत शिकवलं असावं. ग्रिसेल्डा मात्र तिच्याकडे बघत राहिली. तिचं तोंड उतरलं होतं. "कसा वास, दोन्या डेल्फी?" तिनं विचारलं; वडीलधाऱ्या बाईला ती स्पॅनिशमध्ये दोन्या म्हणे. डेल्फीनला सांगता येईना. माझ्या बापाचा, असं कसं सांगणार? तिनं पुडी पुढे केली. इत्झेल, चार वर्षांची, पलंगावर उड्या मारत होती. तिनं ती ओढून घेतली आणि तिथंच फोडली.

डेल्फीन सिमचॅकला चौसष्टावं चालू होतं. शहराच्या पश्चिमेला, जिथं पूर्वी दर दुसऱ्या दारावर पोलिश आडनाव असायचं आणि आता मेक्सिकन असतं, तिथं कोपऱ्यावरचं सिमचॅक क्लीनर्स तिचं होतं. खाली दुकान, वर तीन खोल्या. ड्रायक्लीनिंगचं यंत्र बंद करूनही आता पंधरा वर्षं झाली होती. लोकांचे कपडे घ्यायचे, दुसरीकडे पाठवायचे आणि पातळ कागदात गुंडाळून परत द्यायचे, एवढंच उरलं होतं. मोडीत काढायलाही माणसं लागतात म्हणून ते यंत्र मागच्या खोलीत तसंच पडून होतं. त्याच्यात जे द्रावण फिरायचं त्याला सगळे पर्क म्हणायचे. पाण्यासारखं दिसणारं, पाण्यापेक्षा जड. आठवडाभर लोकांचा घाम, सांडलेलं सार, मेणबत्त्यांचं मेण पोटात घेऊन त्याचा तळाशी काळा गाळ व्हायचा. शनिवारी दुपारी ताता तो गाळ बादलीत काढायचे, मागचं दार पायानं ढकलायचे आणि दाराबाहेरच्या राखेच्या पट्ट्यावर ओतायचे. यंत्र विकणाऱ्यानं दिलेल्या पत्रकात तसंच लिहिलं होतं: कोरड्या जमिनीवर पसरा, उडून जाईल. मग हात धुवायचे, कोट घालायचे आणि चार वाजता पाद्र्यासमोर पापाची कबुली द्यायला जायचे. त्या बादलीचा उच्चार त्या कबुलीत कधी झाला असेल असं डेल्फीनला वाटत नव्हतं. ऐंशी सालाच्या सुमाराला पिंपं न्यायला ट्रक येऊ लागला तेव्हा ताता हसले होते. म्हणाले होते, आता कचऱ्यालाही गाडी लागते.

ते उडून गेलं नव्हतं. खाली गेलं होतं, तिथून आडवं पसरलं होतं, आणि पन्नास वर्षं चालत चालत गल्लीखालून ओचोआंच्या तळघरापर्यंत पोचलं होतं. आता तिथून वाफ होऊन फरशीच्या फटींतून वर येत होतं. कायदा साधा होता. जमीन जिची, साफ करणं तिच्याकडे. खात्याच्या पत्रातला आकडा तिच्या दुकानाच्या किमतीच्या सहापट होता. तिनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि इस्त्रीखाली ठेवून दाबलं. का ते तिलाही कळलं नाही. ती हात वर करून बसली असती तर दुकान जप्त झालं असतं आणि जमीन तशीच राहिली असती. पडीक कारखान्यांच्या जमिनी या शहरात तारेच्या कुंपणाआड वर्षानुवर्षं तशाच राहिल्या आहेत. ग्रिसेल्डाच्या घराला बाहेरून एक पांढरा पाइप आणि वर एक पंखा बसवला गेला, फरशीखालची हवा ओढून छपरावर सोडणारा. तो रात्रंदिवस घुमत राही. डेल्फीनच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती.

तिनं एक वकील केला होता; त्यानं ओडेलला पाठवलं. मर्विन ओडेल, सत्तरीचा, पूर्वी विमा कंपनीत कारकून, आता उलट्या बाजूनं जुन्या पॉलिसी शोधून देणारा. "लोक जमीन उकरून मडकी काढतात, मी पॉलिसी काढतो," तो आल्या आल्या म्हणाला, आणि हा विनोद त्यानं हजारदा केलेला आहे हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यानं समजावून दिलं ते तिला लगेच कळलं. ऐंशीच्या मध्यानंतरच्या पॉलिसींत प्रदूषणाचं नाव काढलं की कंपन्या हात झटकतात. पण त्याआधीच्या साध्या दुकानदारी पॉलिसी जुन्या बोलीच्या. ज्या वर्षी नुकसान सुरू झालं त्या वर्षीची पॉलिसी सापडली, तर कंपनी आजही बांधील. माणूस मेला तरी. कंपनीनं तीनदा नाव बदललं तरी. "तुमच्या वडिलांनी पन्नास-साठ साली भरलेला हप्ता अजून जिवंत आहे, मिस सिमचॅक," तो म्हणाला. "फक्त तो दाखवायला कागद हवा."

कागद नव्हते. ते तिनंच नाहीसे केले होते. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घराचा कानाकोपरा घासून काढायचा, कपाटामागची भिंतसुद्धा, ही आईची शिस्त. आई गेल्यावर डेल्फीननं ती दुप्पट जोमानं चालवली. ताता गेल्यानंतरच्या आठव्या वसंतात, सात वर्षांवर कागद ठेवायची गरज नसते असं बँकेतल्या बाईनं सांगितल्यावर, तिनं तळघरातल्या चारही पेट्या ओढून काढल्या आणि पवित्र शुक्रवारच्या आत सगळं भट्टीत घातलं. दोन दिवस ती हातावर काजळी घेऊन, मोठ्या समाधानानं हिंडत होती. हे तिनं ओडेलला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "तुम्ही पोलिश लोक," तो म्हणाला. "जर्मन गिऱ्हाइकाकडे गेलो की माळ्यावर सगळं सापडतं. तुमच्याकडे गेलं की फरशीत तोंड दिसतं, कागद एक नाही."

"मग आता?"

"आता दुसऱ्याच्या घाणीत शोधायचं. तुमचे वडील कुणाला कागद दाखवायला बांधील होते?"

देवळाला. चर्चच्या पाद्र्यांचे सोन्याच्या जरीचे झगे ताता धुवायचे, पैसे न घेता, पण दुसऱ्या कुणा धोब्यानं एकदा एक झगा जाळला होता तेव्हापासून चर्चनं प्रत्येकाकडून विम्याचा दाखला मागायला सुरुवात केली होती. म्हणून ती आणि ओडेल सेंट किंगाच्या तळघरात सिस्टर बेनिग्नासमोर जाऊन उभी राहिली. सिस्टर सत्त्याऐंशी वर्षांची, खुर्चीत बसूनही दोघांपेक्षा उंच वाटणारी.

"वॉल्टरची मुलगी ना तू? रविवारी दिसत नाहीस."

"गुडघे दुखतात, सिस्टर."

"माझेही दुखतात. मी दिसते." मग ओडेलकडे वळून, "आणि हा कोण? नवरा केलास की काय म्हातारपणी?"

"पॉलिसी शोधतो मी, सिस्टर."

"शोध. इथं सही असलेला एकही कागद फेकलेला नाही. मोन्सिनियरनं, आमच्या थोरल्या पाद्र्यानं, सांगितलं होतं, सही म्हणजे माणूस. माणूस फेकत नाहीत." तिनं काठीनं एक कप्पा दाखवला. "तुझी आई स्टेला काय गुणी बाई होती. फार लवकर गेली. बावन्नाव्या वर्षी ना?"

"एक्कावन्न," डेल्फीन म्हणाली.

तीन तास लागले. ओडेल गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक पेटी उपसत होता आणि डेल्फीन धुळीनं शिंकत होती. अठ्ठावन्न ते चौसष्ट अशा लिहिलेल्या पेटीतून त्यानं एक पिवळा पातळ कागद काढला आणि डेल्फीनसमोर धरला. दाखला होता. कंपनीचं नाव, पॉलिसीचा नंबर, आणि खाली वॉल्टर सिमचॅक अशी सही, ज्यातला शेवटचा के ताता नेहमी खूप उंच काढायचे. ते मूळचे व्वादिस्वाव. वॉल्टर नाव त्यांनी इथं आल्यावर घेतलं होतं, आणि सही करताना दरवेळी ते कुणा दुसऱ्याचं नाव लिहिल्यासारखे सावकाश लिहायचे. डेल्फीनला रडू आलं. सिस्टरनं आपला रुमाल दिला आणि धुवून परत आणायला सांगितलं. पेटीच्या नकला दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे गेल्या, सगळीच्या सगळी पेटी, कायदा तसाच आहे.

परतताना गाडीत ओडेल शीळ घालत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "आता एकच आहे. कंपनी विचारणार, की वॉल्टर सिमचॅकला माहीत होतं का. पॉलिसी अपघाताला पैसे देते. माणसाला माहीत असेल की यानं नुकसान होणार, आणि तरी तो करत राहिला असेल, तर तो अपघात नाही. मग छदाम मिळत नाही. तुमची जबानी होईल. घाबरायचं काही नाही. त्या काळी सगळेच ओततायत, पत्रकात छापलेलं आहे, कुणाला काय माहीत होतं!"

"कुणाला काही माहीत नव्हतं," डेल्फीन म्हणाली. ते तिला खरंच वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात वकिलाच्या कचेरीत तयारीला बसेपर्यंत वाटत होतं. तिचा वकील तरुण, केस चापूनचोपून बसवलेला, यादीवरून प्रश्न वाचत होता: बादली किती मोठी, किती वेळा, दाराबाहेर काय होतं. "गवत? झाडंबिडं काही?" तो मान वर न करता म्हणाला.

"आठवत नाही," ती म्हणाली. त्यानं यादीवर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

आठवत होतं. त्या क्षणापर्यंत आठवत नव्हतं, आणि त्या क्षणापासून दुसरं काही आठवेना. एकोणसाठचा जुलै, ती अकरा वर्षांची, मागच्या पायरीवर बसून वाटाणे सोलणारी. दाराच्या डाव्या हाताला, राखेच्या पट्ट्याच्या कडेला, आईचे टोमॅटो. बारा रोपं, काठ्यांना जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी बांधलेली. त्या वर्षी पानं कडेनं वळली, मग तपकिरी झाली, आणि फळं हिरवीच गळाली. आई त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होती, साबणाचं पाणी शिंपडत होती, गोर्निकांच्या म्हातारीनं दृष्ट लावली म्हणत होती. मग ताता दुकानातून बाहेर आले. बाह्या दुमडलेल्या. ते उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. डेल्फीनला ते आता सिनेमा थांबवल्यासारखं दिसत होतं: ताता माती हुंगतायत. मग त्यांनी मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. दाराकडून राखेकडे, राखेकडून रोपांकडे. त्या संध्याकाळी त्यांनी बाराच्या बारा रोपं मुळांभोवतीची माती झटकून काढली आणि आईच्या कपडे भिजवायच्या घमेल्यातून दुसरीकडे नेऊन लावली. आई मागे मागे विचारत होती, वावेक, अरे काय झालं, हे काय करतोस? तेव्हा ते म्हणाले, "तिथली माती चांगली नाही." एवढंच. आणि पुढच्या शनिवारी मागचं दार पायानं ढकलून त्यांनी बादली त्याच जागी ओतली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. हे वाक्य डेल्फीनच्या मनात आलं आणि गेलंच नाही. गिऱ्हाइकाला पावती देताना, सांध्यांना मलम चोळताना, बटाटे सोलताना ते तिथंच. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. माती चांगली नाही म्हणजे काय, राखेनं नापीक झाली असं म्हणायचं असेल. पण मग दाराकडे का पाहिलं? आणि हुंगली का? तिला बापाचा राग आला, इतका की स्वयंपाकघरातला त्यांचा फोटो तिनं दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग लाज वाटून सरळ केला. सकाळी सहाला उठून रात्री आठपर्यंत दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग काढणारा माणूस. रस्त्यात कुणाच्या कॉलरवर डाग दिसला तर तिथल्या तिथे रुमाल ओला करून पुसायला जाणारा, आई संकोचानं अर्धी व्हायची. त्या माणसाला कळलं होतं की हे झाडं मारतं, आणि त्यानं फक्त स्वतःची झाडं उचलली होती. शेजाऱ्याकडे उतार आहे हे त्याला दिसत नव्हतं? की दिसलं होतं? जितकी ती विचार करी तितका तातांचा चेहरा तिला दिसेनासा होई. वळलेली मान तेवढी दिसे. सगळ्यांत वाईट हे, की हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं. ती गप्प राहिली तर ते झालंच नव्हतं.

जबानीच्या आदल्या दिवशी ग्रिसेल्डा दुकानात आली, नवऱ्याच्या दोन पँट घेऊन. कपडे टाकायला ती क्वचितच येई. इस्त्री घरीच करी. पँट काउंटरवर ठेवून ती गेली नाही. "दोन्या, तो पंखा अजून किती दिवस?" तिनं विचारलं. "पोरगी म्हणते घरात विमान आहे. रात्री उठून विचारते, विमान कधी जाणार."

"जमीन साफ झाली की."

"आणि ती कधी?"

"पैसे मिळाले की. उद्या माझी जबानी आहे."

ग्रिसेल्डानं पँटची इस्त्रीची घडी बोटानं सारखी केली. "एक विचारू? रागावू नका. तुमच्या बाबांना माहीत होतं?"

"नाही," डेल्फीन म्हणाली. इतक्या पटकन, की दोघींनाही ते ऐकू आलं. ग्रिसेल्डानं मान डोलावली. ती चांगल्या स्वभावाची बाई होती; ती म्हणाली, "असंच वाटलं मला. कुणी असं मुद्दाम करत नाही." आणि पावती घेऊन गेली. डेल्फीननं ठरवून टाकलं. टोमॅटो नव्हते. कधीच नव्हते. एका लहान मुलीच्या छातीत जे रोज भरतंय ते बाहेर काढण्यासाठी एक लहानसं खोटं. त्यानं कुणाचं काही जात नाही, मेलेल्याचं तर नाहीच. तिनं पँटवर नंबराची चिठ्ठी टाचली. टाचणी बोटात गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

विमा कंपनीच्या वकिलांची कचेरी सातव्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याचा जग, कोपऱ्यात छोट्या यंत्रावर शब्द टिपून घेणारी एक मुलगी. कंपनीकडून मिसेस ॲशबी, पन्नाशीची, मऊ आवाजाची. तिनं डेल्फीनच्या खुर्चीमागे उशी ठेवायला सांगितली. डेल्फीननं हात वर करून शपथ घेतली. मिसेस ॲशबीनं बादलीचं विचारलं, पत्रकाचं विचारलं, शनिवारचं विचारलं, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. तिचा वकील आरामात मागे रेलला. मग मिसेस ॲशबीनं पेटीतल्या कागदांतून एक पातळ पुस्तिका पुढे सरकवली. सेंट किंगाच्या जत्रेची, अठ्ठावन्न सालची. "हे वाचाल का, खूण केलेलं?"

टोमॅटो, पहिलं बक्षीस: श्रीमती स्टेला सिमचॅक.

"ही तुमची आई?"

"हो."

"हे टोमॅटो त्यांनी कुठे लावले होते?"

आठवत नाही, हे तोंडावर आलेलं होतं. जीभ टाळूला लावायचीच बाकी होती. पण छापलेलं नाव डोळ्यांसमोर होतं. आईचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलेलं, आणि त्या दिवशी तिनं निळी टोपी घातली होती, ती बक्षिसाची रिबन पदकासारखी छातीला लावून सगळी जत्राभर हिंडली होती. त्या टोमॅटोंना नाही म्हणणं डेल्फीनला जमेना. बापाविषयी ती खोटं बोलायला तयार होऊन आली होती. आईविषयी खोटं बोलायची तिची तयारी नव्हती.

"मागच्या दाराजवळ," ती म्हणाली. "राखेच्या कडेला."

तिच्या वकिलाची खुर्ची करकरली.

"बादली ओतायचे तिथं?"

"त्याच्या कडेला."

"आणि ते तिथं चांगले यायचे?"

"अठ्ठावन्नपर्यंत. एकोणसाठला मरू लागले. मग वडिलांनी ते हलवले."

"का हलवले, काही म्हणाले ते?"

"तिथली माती चांगली नाही म्हणाले."

खोलीत फक्त त्या छोट्या यंत्राचा मऊ टकटकाट होता. तिच्या वकिलानं डोळे मिटले होते. मिसेस ॲशबी घाई करत नव्हती. हातात आलेलं काही सांडू नये अशा काळजीनं तिनं पुढचा प्रश्न विचारला. "म्हणजे एकोणसाठ साली तुमच्या वडिलांना माहीत होतं, की ओतलेल्या गाळानं जमीन बिघडते."

"हो," डेल्फीन म्हणाली. संपलं होतं. ग्रिसेल्डाचा चेहरा, गुलाबी पलंग, सगळं संपलं होतं, आणि तरी तिला हलकं वाटत होतं, ओझं खाली ठेवल्यासारखं. "तेवढी. दाराजवळची."

"तेवढीच, हे तुम्ही कशावरून म्हणता? झाडं त्यांनी लांब नेली?"

"नाही. आठ-दहा पावलं. पंपाजवळ."

"कुठला पंप?"

"हाताचा. खाली, कुंपणाशी. तिथून झाडांना पाणी घालायला सोपं म्हणून." तिला पंप दिसला, हिरवा रंग उडालेला, दांडा चकचकीत. त्याच्याविषयी तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. नगरपालिकेनं गल्ली काँक्रीटची केली त्या वर्षी, एकाहत्तरला, तो बुजवला होता. "वडील म्हणाले, इथली माती स्वच्छ आहे. पाणी स्वच्छ आहे म्हणून."

"पाणी झाडांपुरतंच होतं का?"

तिच्या वकिलानं डोळे उघडले.

"छे. प्यायला," डेल्फीन म्हणाली. "शहराच्या नळाला औषधाचा वास येतो म्हणायचे ताता. त्यांना चालायचा नाही. आम्ही पंपाचंच प्यायचो. चहा त्याचा, सार त्याचं. मी शाळेला बाटली न्यायचे." ती बोलत होती आणि बोलता बोलता ऐकत होती. वळलेली मान पुन्हा दिसली. पण आता ती मान तिथं थांबली नाही, पुढे वळली, अंगणाच्या खालच्या टोकाकडे, आणि चेहरा दिसला. तो चोराचा चेहरा नव्हता. तो डाग कुठपर्यंत गेलाय ते पाहणारा, आणि इथपर्यंतच आहे, याच्यापुढे कापड चांगलं आहे, अशी खात्री करून घेणारा चेहरा होता. त्यांना माहीत नव्हतं. दाराजवळच्या चार पावलांपलीकडचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ताता निर्दोष होते.

मिसेस ॲशबी आपल्या कागदांकडे पाहत होती. तिला कळलं होतं, आणि आता तिला पुढे काही विचारायचं नव्हतं. शेजारी वकिलाचं पेन भराभर चालू लागलं होतं. जमिनीत काय आहे ते माहीत असणारा माणूस तिथलं पाणी घरच्यांना पाजत नाही. आणखी वेगळा पुरावा लागत नव्हता. पैसे मिळणार होते. जमीन खणली जाणार होती, विमान थांबणार होतं. "मला एकच विचारायचंय," तिचा वकील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दडवूनही न दडणारा उत्साह होता. "हे पाणी घरातलं नेमकं कोण प्यायचं, मिस सिमचॅक?"

"सगळे." आई एक्कावन्नाव्या वर्षी गेली, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन. डॉक्टर म्हणाले होते, कारण सांगता येत नाही, होतं असं कधी कधी. "ताता रोज दुपारी पंप मारायचे. पाणी गार होईपर्यंत मारत राहायचे. मग ग्लास भरून..." पुढचं तिच्या ओठांतच राहिलं.

कोपऱ्यातल्या मुलीनं यंत्रावरचे हात थांबवले. "माफ करा," ती नम्रपणे म्हणाली, "शेवटचं ऐकू आलं नाही. नोंदीसाठी जरा मोठ्यानं सांगाल का?"

डेल्फीननं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"पहिला ग्लास आईला द्यायचे," ती म्हणाली. "नेहमी पहिला आईला."